एस्पेसनेट आणि जिवाणूरोधक ग्लेझ: एका पेटंट-शोधसेवेचे परीक्षण

युरोपियन पेटंट ऑफिस १९९८ पासून ‘एस्पेसनेट’ ही पेटंट शोधण्याची सेवा विनामूल्य चालवते. जगभरातले १५ कोटींहून अधिक पेटंट-दस्तऐवज तिच्यात आहेत, त्यांची मजल थेट १७८२ सालापर्यंत जाते, आणि ती वापरण्यासाठी ना नोंदणी करावी लागते ना शुल्क भरावे लागते. मला या परीक्षणात तपासायचे आहे ते जरा वेगळे. सिरॅमिकच्या वस्तूंवर द्यायच्या जिवाणूरोधक ग्लेझचे (काचेसारख्या लेपाचे) एखादे पेटंट समोर आले आणि ‘यात नवे ते काय, हे तर या व्यवसायातल्या कुणालाही सुचले असते’ हा आक्षेप खरा की पोकळ हे ठरवायचे झाले, तर ही सेवा आपल्याला कुठपर्यंत नेते? माझे मत आधीच सांगून टाकतो. आक्षेपासाठी लागणारे कागद गोळा करण्यात तिच्या तोडीची विनामूल्य सेवा मला माहीत नाही. मात्र आक्षेपाचा निकाल ज्यावर लागतो ते, म्हणजे हे कागद एकमेकांना जोडण्याचे कारण, तिच्या शोधपेटीतून मिळत नाही. ते वाचकाला दस्तऐवजांच्या पोटात शिरून शोधावे लागते, आणि तिथे सेवेचे काही कोपरे अंधारे आहेत.

कसोटीसाठी हा विषय मुद्दाम निवडला आहे. ‘ही वस्तू आधीच होती’ हे दाखवायला एक दस्तऐवज पुरतो. तो सापडला की काम संपते, आणि अशा शोधात कोणतीही बरी सेवा चांगली वाटते. ‘ही वस्तू सहज सुचण्याजोगी होती’ हे दाखवायला मात्र बहुधा दोन-तीन दस्तऐवज लागतात, आणि ते शेजारी शेजारी का ठेवायचे याचे उत्तरही द्यावे लागते. जिवाणूरोधक ग्लेझच्या बाबतीत ही अडचण फार ठळक होते, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक घटक सुटा घेतला तर जुना आहे. अत्यल्प चांदीनेही सूक्ष्मजीव मरतात हे एकोणिसाव्या शतकात शास्त्रीय नोंदींत आले. झिंक ऑक्साइड ग्लेझमध्ये त्याच शतकापासून वापरात आहे. तांब्याचे क्षार ग्लेझला रंग देण्यासाठी तर त्याहून कितीतरी आधीपासून वापरले जातात. नवे असलेच तर ते जोडणीत, प्रमाणात किंवा भाजण्याच्या रीतीत असणार.

योगायोग असा की सहज सुचण्याजोगेपणाचा सिद्धान्त अमेरिकेत जन्मला तोच मुळी मातीच्या वस्तूवरून. हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात प्रश्न होता दरवाजाच्या मुठीचा. मूठ दांड्यावर पक्की बसवण्याची रीत धातूच्या मुठींमध्ये रुळलेली होती आणि मातीच्या मुठीही लोकांना ठाऊक होत्या. पेटंटधारकांनी ती रीत माती आणि पोर्सिलेनच्या मुठीला लावली होती. १८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. पुढे १९५२ च्या पेटंट कायद्यात कलम १०३ म्हणून हा विचार आला. १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालाने तपासणीची चौकट घालून दिली: आधी काय ज्ञात होते, दावा (म्हणजे पेटंटात ज्यावर हक्क मागितला आहे ते) त्याहून कुठे वेगळा आहे, आणि त्या क्षेत्रातल्या सामान्य कुशल व्यक्तीची पातळी काय, शिवाय बाजारातले यश, बराच काळ न भागलेली गरज आणि इतरांचे फसलेले प्रयत्न यांकडेही पाहता येते. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलीफ्लेक्स या निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली. दोन कागद जोडण्याची सूचना कुठल्या तरी कागदात लिहिलेली असलीच पाहिजे, असा ताठर आग्रह धरता येणार नाही, कारण सामान्य कुशल व्यक्तीपाशीही सामान्य कल्पकता असते. युरोपातली रीत थोडी निराळी आहे. तिथे आधी सोडवायची तांत्रिक समस्या मांडतात आणि मग विचारतात की कुशल व्यक्तीने हा मार्ग घेतलाच असता का. ‘घेऊ शकली असती’ एवढ्याने भागत नाही.

ही कुशल व्यक्ती कायद्याने कल्पिलेली आहे. तिला आपल्या क्षेत्रातला प्रत्येक कागद ठाऊक असतो, जपानी आणि जर्मन कागदही ती अडखळल्याशिवाय वाचते, आणि एवढे असून तिला शोधकाची प्रतिभा मात्र अजिबात नसते. १९६६ च्याच विन्स्लो प्रकरणात न्यायमूर्ती रिच यांनी तिचे चित्र रंगवले आहे: शोधक आपल्या कार्यशाळेत काम करतो आहे आणि आधीचे सारे संबंधित कागद भोवतीच्या भिंतींवर टांगलेले आहेत. एस्पेसनेटचे मोल मी याच चित्रावरून मोजतो. भिंत भरण्याचे काम ती कशी करते, हा पहिला प्रश्न.

नुसते शब्द टाकून शोध घेतला तर ती भिंत भलत्याच कागदांनी भरते. ‘ग्लेझ’च्या इंग्रजी रूपांत खिडक्यांच्या काचाही येतात आणि मिठाईवरचा चकचकीत लेपही येतो, उलट अनेक कामाच्या दस्तऐवजांत ग्लेझला एनॅमल, काचमय लेप किंवा फ्रिट म्हटलेले असते आणि ते शोधातून निसटतात. इथे वर्गीकरण उपयोगी पडते. युरोपियन आणि अमेरिकन कार्यालयांनी मिळून १ जानेवारी २०१३ पासून सुरू केलेल्या सीपीसी या सामाईक पेटंट-वर्गीकरण पद्धतीत सुमारे अडीच लाख खाने आहेत, आणि एस्पेसनेटच्या वर्गीकरणशोधात ते एकात एक उघडत जातात. ‘सी०३सी ८/००’ हा एनॅमल आणि ग्लेझ यांचा वर्ग, ‘सी०४बी ४१/८६’ हा सिरॅमिकवरच्या ग्लेझचा, ‘ए०१एन ५९/१६’ हा जड धातू असलेल्या जंतुनाशकांचा. या तिघांच्या छेदातून बऱ्यापैकी नेमकी यादी निघते. त्याहून सरळ वाट म्हणजे ‘सी०३सी २२०४/०२’ हा खाना, जो जिवाणूरोधक काच, ग्लेझ आणि एनॅमल यांच्यासाठीच राखलेला आहे. तो माहीत असलेल्याचे काम निम्म्याने हलके होते, आणि तो माहीत करून घ्यायला वर्गीकरणाच्या पानाखेरीज कुठेही जावे लागत नाही, ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी जमेची बाजू तारखेची चाळणी. सहज सुचण्याजोगेपणा आजच्या ज्ञानावरून ठरवायचा नसतो, अर्जाच्या तारखेला काय ज्ञात होते यावरून ठरवायचा असतो; अमेरिकेत १६ मार्च २०१३ पूर्वीच्या अर्जांसाठी तर शोध लागला त्या तारखेलाही महत्त्व होते. एस्पेसनेटमध्ये सर्वांत आधीची प्राधान्य-तारीख (त्या शोधासाठी पहिला अर्ज दाखल झाल्याची तारीख) आणि प्रसिद्धीची तारीख अशा दोन वेगळ्या चाळण्या आहेत. त्यांतली गल्लत महागात पडते, कारण भिंतीवर लावायच्या कागदाच्या बाबतीत सामान्यतः तो प्रसिद्ध कधी झाला हे पाहावे लागते, आणि तपासायच्या पेटंटच्या बाबतीत त्याची प्राधान्य-तारीख.

आता भिंतीवर जे येते त्याकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. ग्लेझ म्हणजे वस्तूच्या अंगावर वितळवून बसवलेला काचेचा थर: सिलिका, अॅल्युमिना, त्यांना लवकर वितळवणारे फेल्डस्पार, चुना किंवा झिंक ऑक्साइड, आणि पांढरेपणासाठी बहुधा झिरकॉन. बेसिन, कमोड असा माल साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि तिचे ऑक्साइड त्याच्या कितीतरी आधी फुटून त्यातून धातूची चांदी उरते. जिवाणूंवर काम करतो तो चांदीचा आयन (विद्युतभार असलेला अणू), आणि तो काम करतो ओलाव्यात पृष्ठभागावर येऊन. भट्टीतून बाहेर पडेपर्यंत काही चांदी उडून गेलेली असते आणि काही काचेत खोल रुतलेली. उरलेली चांदी बारीक कणांच्या रूपात गोळा झाली, तर ग्लेझवर पिवळी छटा येते. मध्ययुगीन युरोपातल्या खिडक्यांच्या काचा ज्या पिवळ्या रंगाने सजवल्या जात, त्यामागे हीच क्रिया होती. पांढऱ्या बेसिनवर तसा पिवळेपणा आला की तो नग बाद.

या एका अडचणीभोवती दस्तऐवज कसे फिरत गेले, हे यादी प्राधान्य-तारखेनुसार लावून वाचले की स्पष्ट दिसते. कुणी चांदीला वाहकात, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या पदार्थात, बसवून पाहतो, पण झिओलाइटसारख्या वाहकाची चौकट एवढ्या तापमानाला ढासळते, म्हणून फॉस्फेटसारख्या अधिक तग धरणाऱ्या वाहकांकडे वळावे लागते. कुणी चांदी आधी काचेत विरघळवून त्या काचेची पूड ग्लेझमध्ये मिसळतो. कुणी नेहमीच्या ग्लेझवर चांदीयुक्त ग्लेझचा दुसरा पातळ थर देतो, कारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या थराच्या तळाशी असलेली चांदी जिवाणूपर्यंत पोचणारच नसते. टायटॅनियम डायऑक्साइडवाल्यांची वाट वेगळी आहे. त्याचे अॅनाटेज हे प्रकाशात सक्रिय असणारे रूप ग्लेझच्या तापमानाला रूटाइल या दुसऱ्या रूपात बदलते, म्हणून तो लेप तयार ग्लेझवर देऊन पुन्हा कमी तापमानाला भाजतात. शिवाय त्याला अतिनील प्रकाश लागतो, जो बंद न्हाणीघरात जेमतेम असतो. तांबे प्रभावी आहे, पण हिरवा रंग देते. जस्ताचे ऑक्साइड रंगहीन आहे, भट्टीत टिकते आणि ग्लेझ तयार करणाऱ्याच्या फडताळात आधीपासूनच असते. म्हणूनच चांदी आणि जस्त यांची जोडी इतकी मोहक वाटते आणि म्हणूनच तिच्यावर ‘सहज सुचण्याजोगी’ हा आक्षेपही लगेच येतो.

यादीतले नाव उघडले की ‘उद्धरणे’ हा विभाग मिळतो. पेटंट कार्यालयाच्या तपासणीत कोणते जुने दस्तऐवज पुढे आले आणि नंतरच्या कोणत्या दस्तऐवजांनी याचा आधार घेतला, हे दोन्ही तिथे दिसते. एकावरून दुसऱ्यावर जात राहिले की विषयाचा नकाशा तयार होतो. त्याहून मोलाचा मजकूर मूळ दस्तऐवजाच्या शेवटी असतो, जर अर्जासोबत शोध-अहवाल प्रसिद्ध झाला असेल तर. त्या अहवालात प्रत्येक जुन्या कागदापुढे एक अक्षर असते. एकट्यानेच दावा पाडू शकेल अशा कागदाला ‘एक्स’, दुसऱ्या कागदाशी जोडल्यावर पाडू शकेल अशाला ‘वाय’, आणि पार्श्वभूमीपुरत्या कागदाला ‘ए’. जिवाणूरोधक ग्लेझच्या अर्जांत मी सगळ्यांत आधी ‘वाय’ शोधतो. तपासनिसाने कोणता कागद कोणत्या कागदाला जोडायचे मनात धरले आहे, हे त्या एका अक्षरावरून कळते, आणि बहुतेक वाद पुढे त्याच जोडीवर चालतो. नवख्या वाचकाला या अक्षराकडे सेवेने आणखी ठसठशीतपणे बोट दाखवायला हवे, असे मला वाटते.

एक काल्पनिक दावा घेऊन पाहू. समजा, दावा असा आहे: चांदीचे संयुग आणि ठरावीक टक्के झिंक ऑक्साइड असलेले, ११०० अंशांच्या वर भाजलेले जिवाणूरोधक ग्लेझ. एस्पेसनेटच्या शोधातून या दाव्याविरुद्ध तीन तऱ्हेचे कागद मिळणे सहज शक्य आहे: ग्लेझमध्ये चांदी सांगणारे, प्लास्टिकमध्ये चांदी व झिंक ऑक्साइड एकत्र सांगणारे, आणि जिवाणूंचा विचारही न करता ग्लेझ नीट वितळावे म्हणून झिंक ऑक्साइड वापरणारे. वरवर पाहता खेळ संपला. चांदी होती, जस्त होते, दोघांची जोडीही होती, उरले काय?

पण दुसऱ्या कागदापाशी थांबायला हवे. प्लास्टिक दोन-तीनशे अंशांना आकार घेते आणि त्यात झिंक ऑक्साइडचा कण कण म्हणूनच राहतो. ग्लेझमध्ये ते वितळून सिलिकेटच्या जाळ्यात मिसळते, किंवा प्रमाण फार वाढले आणि भट्टी सावकाश थंड झाली तर झिंक सिलिकेटचे स्फटिक होऊन बाहेर पडते. प्लास्टिकात जे घडले ते इथेही घडेल, अशी वाजवी अपेक्षा कुशल ग्लेझकाराला होती का, हा कळीचा प्रश्न आहे आणि रसायनाच्या क्षेत्रात बरेच दावे याच प्रश्नावर टिकतात किंवा पडतात. माझा कल असा की प्लास्टिकचा कागद एकटा पुरेसा नाही. मात्र पहिल्या तऱ्हेच्या एखाद्या कागदात ‘चांदीसोबत तांबे, जस्त किंवा त्यांची संयुगे घालता येतील’ एवढे वाक्य जरी सापडले, तरी चित्र पालटते. तेव्हा निवड मोजक्या ज्ञात पर्यायांतली उरते, आणि केएसआरनंतर अशी निवड करून पाहणे हा शोध आहे असे म्हणणे अमेरिकेत जड जाते. असे वाक्य बहुधा वर्णनाच्या मधल्या पानात, कुठल्याशा लांबलचक यादीत दडलेले असते. सारांश वाचून पुढे सरकणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

तिसऱ्या तऱ्हेच्या कागदांना लोक कमी लेखतात, ते बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शिशाला पर्याय म्हणून झिंक ऑक्साइड असलेले ब्रिस्टल ग्लेझ वापरात आले. जुन्या एखाद्या जस्तयुक्त ग्लेझचे घटक आणि भाजणी नव्या दाव्याशी तंतोतंत जुळत असतील, तर ‘ते जिवाणूरोधक आहे हे आम्ही प्रथम ओळखले’ एवढ्यावर त्या ग्लेझवरच हक्क मिळत नाही; जुन्या वस्तूचा अंगभूत गुण नव्याने लक्षात आल्याने वस्तू नवी होत नाही. आमच्या काल्पनिक दाव्यात चांदी आहे म्हणून तो या माऱ्यातून वाचतो. नुसत्या जस्ताचा दावा असता तर सांभाळणे कठीण गेले असते.

मग पेटंटधारक कशाच्या आधारे उभा राहतो? अनपेक्षित परिणामाच्या. चांदी आणि जस्त यांचा एकत्र परिणाम दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेहून खूप मोठा आहे, असे तो म्हणतो आणि उदाहरणांचा तक्ता पुढे करतो. प्रमाणाचा नुसता आकडा अशा वेळी कामी येत नाही. ज्ञात घटकाचे योग्य प्रमाण नेहमीच्या प्रयोगांनी काढणे ही कारागिरीच, असे अमेरिकन न्यायालयांनी १९५५ च्या अॅलर प्रकरणापासून म्हटले आहे. तक्त्यात मी चार ओळी शोधतो: कोरे ग्लेझ, नुसती चांदी, नुसते जस्त, आणि दोन्ही, चारही नमुने एकाच भट्टीच्या एकाच भाजणीतले. नुसत्या जस्ताची ओळ गाळलेली असेल तर माझा विश्वास तिथेच ढळतो. दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी. जपानच्या जेआयएस झेड २८०१ आणि तिच्यावरून आलेल्या आयएसओ २२१९६ या पद्धतींत ५० मिलिमीटर चौरस नमुन्यावर ०.४ मिलिलिटर जिवाणूद्रव घालतात, त्यावर ४० मिलिमीटरची फिल्म झाकतात आणि नमुना ३५ अंशांना, ९० टक्के किंवा अधिक आर्द्रतेत २४ तास ठेवतात. म्हणजे आयनांना बाहेर यायला ओलावा आणि वेळ भरपूर मिळतो. कोरड्या टाइलवर पडलेल्या थेंबाबद्दल हा आकडा फारसे काही सांगत नाही. पेटंटच्या दृष्टीने ते चालते, कारण तुलना सर्व नमुन्यांची सारख्याच परिस्थितीत होते. पण ‘पेटंटप्राप्त’ हा शिक्का पाहून टाइल घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की पेटंट कार्यालयाने तपासलेला प्रश्न आणि त्याच्या मनातला प्रश्न एक नव्हेत.

आणि नेमका हा तक्ता वाचतानाच एस्पेसनेटची मर्यादा समोर येते. या क्षेत्रात जपानी अर्जांचा वाटा मोठा आहे, आणि सेवेतले यंत्रानुवादाचे साधन ३० हून अधिक भाषांचे मजकूर एका बटणावर वाचण्याजोगे करून देते. कोणता दस्तऐवज कामाचा हे ठरवायला तो अनुवाद पुरेसा आहे. त्याच्यावर भिस्त ठेवून आक्षेप मात्र लिहू नये, कारण एकच पदार्थ एका परिच्छेदात ग्लेझ आणि दुसऱ्यात एनॅमल होतो, आणि रासायनिक प्रमाणांच्या वाक्यांत कशाचे किती टक्के हे नाते सैल पडते. तक्ता मूळ कागदात प्रतिमेच्या रूपात असेल तर अनुवादात तो येतच नाही. तेव्हा अनुवाद एका बाजूला आणि मूळ पान दुसऱ्या बाजूला उघडून आकडे स्वतः जुळवावे लागतात. आकडे सुदैवाने कोणत्याही लिपीत ओळखता येतात आणि मूलद्रव्यांच्या खुणाही. आणखी एक सोपी वाट असते: ‘कुटुंब’ या विभागात त्याच शोधाचे इंग्रजी अर्ज असतील तर ते तिथे सापडतात. शोधाच्या यादीत प्रत्येक कुटुंबातला एकच सदस्य दिसत असल्याने नवखा माणूस जपानी कागदाशी झुंजत बसतो आणि त्याचे इंग्रजी भावंड एका टिचकीवर असते. जुन्या कागदांची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कितीतरी दस्तऐवज पानांच्या चित्रांच्या रूपातच आहेत, त्यांचा मजकूर शब्दांनी शोधता येत नाही. ब्रिस्टल ग्लेझच्या काळातली पेटंटे हवी असतील तर वर्ग आणि तारीख एवढाच आधार.

जोडण्याचे कारण शेवटी सापडते ते तपासनीस आणि अर्जदार यांच्या पत्रव्यवहारात. हा कागद त्या कागदाला का जोडला, अर्जदाराने त्यावर भट्टीच्या तापमानाचा मुद्दा काढला का, मग दावा किती अरुंद केला, हे सगळे तिथे लिहिलेले असते. एस्पेसनेट हा पत्रव्यवहार स्वतःच्या पानावर दाखवत नाही, पण युरोपियन अर्जाच्या पानावरून युरोपियन पेटंट रजिस्टरकडे आणि ‘ग्लोबल डॉसिए’कडे दुवा देते, आणि तिथे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया व चीन या पाच कार्यालयांच्या फायली पाहता येतात. माझ्या मते या सेवेचे सर्वांत कमी वापरले जाणारे अंग हेच. एकाच कुटुंबातल्या दोन अर्जांना दोन कार्यालयांत वेगळा निकाल मिळालेला असेल, तर त्या दोन फायली शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा धडा नाही.

काही उणिवा सेवेच्या स्वरूपातच आहेत. तिच्यात मुख्यतः पेटंटे आहेत. ग्लेझचे ज्ञान मात्र पाठ्यपुस्तकांत, व्यावसायिक मासिकांत, कच्चा माल विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत आणि प्रबंधांत पसरलेले आहे. कुशल व्यक्तीची पातळी ठरवताना हेच साहित्य कामाला येते, आणि ते भिंतीवर नसेल तर भिंत अर्धी रिकामीच. पेटंट जिवंत आहे की मृत हे सांगणाऱ्या नोंदी राष्ट्रीय कार्यालयांकडून येत असल्याने त्यांच्यावर अखेरचा भरवसा ठेवू नये. तो त्या त्या देशाच्या रजिस्टरवर ठेवावा.

इतर विनामूल्य सेवांशी तुलना करायची तर, गूगल पेटंट्समध्ये पूर्ण मजकुरातले शब्द शोधणे सोपे आहे आणि वर उल्लेखलेले ‘मधल्या पानातले वाक्य’ तिथे लवकर हाती लागते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पेटंटस्कोपमध्ये एक शब्द दिला की त्याचे अनेक भाषांतले प्रतिशब्द घेऊन शोध करता येतो, हे जपानी आणि चिनी कागदांसाठी फार उपयोगी आहे. तिथली रासायनिक रचनेवरून शोधण्याची सोय मात्र या विषयात निरुपयोगी, कारण ग्लेझ ही ऑक्साइडांच्या प्रमाणांची गोष्ट आहे आणि त्याचा रेणू काढून दाखवता येत नाही. जपानी दस्तऐवजांसाठी जे-प्लॅटपॅट या जपानच्या स्वतःच्या सेवेला पर्याय नाही. तिथले एफ-टर्म वर्गीकरण घटक, उद्देश, कृती अशा अनेक अंगांनी कागद चाळू देते. माझी शिफारस अशी की सुरुवात एस्पेसनेटच्या वर्गीकरणाने करावी, नेमक्या वाक्यासाठी गूगल पेटंट्सकडे जावे, आणि फाइल वाचण्यासाठी पुन्हा एस्पेसनेटच्या दुव्यावरून आत शिरावे.

शोध पुरा झाला असे वाटले तरी तारीख टाकून तो जपून ठेवावा. अर्ज साधारणपणे सर्वांत आधीच्या प्राधान्य-तारखेपासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे आज दाखल असलेले पण न दिसणारे ग्लेझचे अर्ज पुढच्या दीड वर्षात यादीत येत राहणार. त्यांचा उपयोग युरोपात नावीन्याच्या आक्षेपापुरताच होतो, अमेरिकेत मात्र तसा अर्ज सहज सुचण्याजोगेपणाच्या आक्षेपातही उभा करता येतो. अमेरिकन दावा तपासणाऱ्याने तोच शोध, त्याच वर्गांत, दीड वर्षाने पुन्हा घ्यावा.